ट्रॅक्टरला शेंदूर फासायची घाई कशाला?

पोळा तोंडावर आला की आमच्या अंगणात माझ्यावर खटला उभा राहतो. आरोप दरवर्षी एकच: टिनाच्या शेडखालचा जुना ट्रॅक्टर मी अजून रंगवलेला नाही. फिर्यादी मात्र बदलतात. कधी शेजारचे काका, कधी वणीहून कामाच्या शोधात आलेला पेंटर, कधी पुण्याहून सुटीवर आलेला पुतण्या. काकांचं बोलणं सगळ्यांत थेट. “बैलाचे शिंगं रंगवतं, घराले चुना मारतं, अन् या ट्रॅक्टरनंच काय घोडं मारलं बे तुयं? लालेलाल करून टाक ना एकदाचा!”

शेडच्या कोपऱ्यात प्रायमरचा एक डबा आहे. तीन पोळे झाले, त्याचं झाकण मी उघडलेलं नाही. माझ्याविरुद्धचा हाच सगळ्यांत मोठा पुरावा. गावात याला चालढकल म्हणतात, घरात आळस. मी खाणीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं. लोखंड, ग्रीस आणि गंज यांच्याशी माझी ओळख कुठल्याही पेंटरइतकीच जुनी आहे. तेव्हा या आरोपांना रीतसर उत्तर द्यायचा मला हक्क आहे, असं मी समजतो.

आधी मुद्देमाल पाहू. ट्रॅक्टर इंटरनॅशनल बी-२७५. हे मॉडेल मूळ इंग्लंडातलं, १९५८ सालचं. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत हा ट्रॅक्टर बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पस्तीसेक हॉर्सपॉवर. त्या काळात नव्या ट्रॅक्टरसाठी नंबर लावून बसावं लागायचं, म्हणून वडिलांनी सेकंडहँड घेतला. काळ्या मातीत पऱ्हाटीसाठी नांगरट, मग लोकांच्या वावरात भाड्यानं, मग नुसती ट्रॉली. आता त्याला काम नाही. महिन्यातून एकदा मी तो सुरू करतो, धुऱ्यापर्यंत नेतो, परत आणतो. हौस म्हणा.

रंगाचं म्हणाल तर मूळचा लाल उन्हानं गेरूसारखा झाला आहे. डाव्या मडगार्डची कड उघडी पडून तुकतुकीत झाली आहे, कारण ती धरून आम्ही भावंडं वावरात जायचो. क्लचच्या पायट्यावर रंगाचा मागमूस नाही. आणि बोनटच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या अक्षरांत, खाली निळी सावली देऊन, ब्रशनं लिहिलं आहे: श्री गजानन प्रसन्न. ‘प्रसन्न’मधला जोड न थोडा तिरका गेला आहे. रेषा ओढताना पेंटरला कुणीतरी हाक मारली असावी.

आता पहिला आरोप: रंगवला नाही तर गंज खाऊन टाकेल.

आरोप वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. लोखंडाला ओल आणि हवा एकत्र मिळाली की गंज चढतो. त्यांना अडवायचं काम रंगाचा पापुद्रा करतो. पण पापुद्रा जुना असो की नवा, तो लोखंडाला घट्ट चिकटून असला तरच ते काम होतं. माझ्या ट्रॅक्टरचा फिका पडलेला रंग नखानं निघत नाही. दिसायला तो म्हातारा आहे, कामाला नाही. उलट आपल्याकडे रंगकाम कसं होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी तारेचा ब्रश फिरवायचा, खड्डे लांबी भरून बुजवायचे, दुपारी कॉम्प्रेसर लावायचा, संध्याकाळी चकचकीत गाडी उभी करून पैसे घ्यायचे. सांध्यातलं ग्रीस निघालेलं नसतं, पत्र्याच्या दुमडीतला गंज तसाच असतो. वरून चढवलेला रंग त्या गंजाला हवेशीर घर बांधून देतो. दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात, फोडाखाली बोट घातलं की लाल भुगा निघतो. नव्या रंगाखालचा गंज दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कुणी इलाजही करत नाही. जुन्या रंगातला गंज निदान तोंडावर सांगतो की मी इथे आहे.

त्यात राजूरची हवा वेगळी. आमच्या गावाला दोन धुळी आहेत: चुनाभट्ट्यांची पांढरी आणि कोळशाची काळी. कोळशाची भुकटी ओल धरून ठेवते. चुन्याचं गणित तर गवंड्याला विचारा. ताज्या चुन्याच्या गिलाव्यावर तो तेलरंग देऊ देणार नाही, कारण ओल्या चुन्यातला क्षार तेलाचा साबण करून टाकतो आणि रंग सुटतो. मग जिथे दव पडल्यावर पत्र्यावर चुन्याची धूळ बसते, तिथे पहिली गरज कसली? साध्या पाण्यानं वरचेवर धुण्याची आणि कोरडं पुसण्याची. हे फुकटचं काम कुणी सुचवत नाही. सगळे थेट रंगाच्या डब्यावर येतात.

गंजाचा मुद्दा काढणारे एक गोष्ट विसरतात. जुना रंग काढायचा म्हणजे तो घासायचा, आणि घासला की त्याची धूळ होते. त्या काळच्या लाल-पिवळ्या रंगांत आणि प्रायमरांत शिसं सर्रास असायचं. आपण ज्याला शेंदूर म्हणतो तो मुळात शिशाचाच ऑक्साइड. जवसाच्या तेलात कालवून तो कित्येक पिढ्या लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंजू नये म्हणून पहिला हात म्हणून दिला जात होता. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या आत हवं, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही जुन्या रंगाकडे संशयानंच पाहायला हवं. अंगणात नातवंडं खेळत असताना मी ग्राइंडर लावून हा रंग कोरडाच उडवावा, हे सांगणारा माणूस माझा हितचिंतक कसा? घासायचंच ठरलं तर पाणी मारून ओलं घासावं, तोंडाला चांगला मास्क लावावा, निघालेला गाळ मातीत न सोडता गोळा करावा. हे सगळं करायची तयारी होईस्तोवर हात आवरणं हाच शहाणपणा.

दुसरा आरोप जास्त जिव्हारी लागणारा आहे: रंगवणं म्हणजे मान देणं. पोळ्याला बैलाला नटवतो, देवाला शेंदूर लावतो, दिवाळीआधी घराला चुना देतो. मग ज्या यंत्रानं घर पोसलं त्यालाच मळकं का ठेवतो?

या आरोपापुढे मी बराच काळ गप्प बसत असे. मग एकदा नीट विचार केला आणि लक्षात आलं की तिन्ही दाखले माझ्याच बाजूचे आहेत.

चुन्याचं घ्या. राजूरच्या माणसाला चुना शिकवायला नको. आपण दरवर्षी चुना मारतो तो आधीच्या चुन्यावर. भिंत विटेपर्यंत कुणी खरवडत नाही. जुन्या घराच्या भिंतीचा टवका निघाला की त्यात आजोबांच्या काळची निळसर छटा दिसते, तिच्यावर वडिलांचा पांढरा, त्याच्यावर आपला. चुन्यानं पुसलं काहीच नाही, नुसती भर घातली. ट्रॅक्टर ‘चकाचक’ करणारा पेंटर नेमकं उलटं करतो. तो आधी पॉलिश पेपरनं सगळं उतरवतो.

शेंदराचं घ्या. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या गडावर सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्पिढ्या साचलेला शेंदराचा जाड थर उतरवण्यात आला. आमच्याही तालुक्याचं नाव वणीच, त्यामुळे ती बातमी इथे जरा जास्तच आपुलकीनं वाचली गेली. थर निघाल्यावर खाली जे कोरीवकाम दिसलं ते पाहून भाविक थक्क झाले. एकेक हात श्रद्धेचाच होता, पण सगळे हात मिळून मूळ रूप झाकून बसले होते. तिथे तो थर काढायला जाणकार लागले, महिना-दीड महिना मंदिर बंद ठेवावं लागलं, आणि घाईनं कुणी काही केलं नाही. श्रद्धेनंही काहीतरी झाकलं जातं, हे ज्यांना तिथे पटलं त्यांना माझ्या अंगणात का पटू नये?

आणि पोळा. बैलाच्या शिंगांना लावलेला हिंगूळ, बेगड, गोंडे चार दिवसांत उतरतात, धुतले जातात. पण पोळ्याचा खरा मान शिंगांना नसतोच. तो आदल्या दिवशी असतो, खांदशेकणीला. जू ओढून ओढून ज्या खांद्याला घट्टे पडले, जिथली कातडी जाड आणि केसहीन झाली, त्या खांद्याला कोमट तूप आणि हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचं. तो खांदा झाकायचा नसतो, नवा करायचा नसतो. त्याला हात लावून ‘बाबा, तू ओढलंस’ एवढं कबूल करायचं असतं. माझ्या ट्रॅक्टरचा क्लचचा पायटा आणि मडगार्डची कड हा त्याचा खांदा आहे. त्यावर लाल रंग फासणं म्हणजे बैलाच्या घट्ट्यावर झूल टाकून ‘याला कधी जुंपलाच नव्हता’ असं गावाला सांगणं.

तिसरा आरोप पुतण्याचा. तो मोबाइलवर परदेशातले चकचकीत ट्रॅक्टर दाखवतो. “काका, आपण ओरिजिनल रंग मारू. कंपनीचाच शेड मिळतो.” ‘ओरिजिनल’ या शब्दानं जुन्या यंत्रांचं जेवढं नुकसान केलं तेवढं भंगारवाल्यानंही केलं नसेल.

कुठला ओरिजिनल? इंग्लंडातल्या कारखान्यातला लाल? कांदिवलीतल्या पहिल्या वर्षांचा? कंपनी महिंद्रात गेल्यानंतरचा? आज दुकानात ‘ट्रॅक्टर लाल’ म्हणून जो डबा मिळतो तो आजच्या ट्रॅक्टरसाठी बनतो, आजच्या रसायनांतून. माझ्या ट्रॅक्टरचा खरा लाल कसा होता याचा एकच साक्षीदार आहे आणि तो ट्रॅक्टरवरच आहे: टूलबॉक्सच्या तळाशी, मीटरच्या पाठीमागे, कंपनीच्या पट्टीखाली, जिथे ऊन कधी पोचलं नाही. एका रविवारी मी टूलबॉक्स सोडवला तेव्हा तळहाताएवढा तो लाल दिसला. गडद, थोडा तपकिरीकडे झुकणारा, आजच्या भडक लालापेक्षा वेगळाच. मूळ रंग पॉलिश पेपरखाली सापडेल असं पुतण्याला वाटतं. पॉलिश पेपर तो साक्षीदारच मारून टाकतो, आणि मग आपण अंदाजानं दुसरा उभा करतो.

हा माझा लहरीपणा नव्हे. जुन्या वास्तूंच्या जतनाबाबत १९६४ साली व्हेनिसला जी सनद झाली, तिचं मर्म हेच आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धारानं थांबावं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं २०१२ साली ट्यूरिनला तोच विचार गाड्यांना लावला: वापराच्या खुणा हाही इतिहास, आणि करायचं ते कमीत कमी, परत उलगडता येईल असं. किल्ल्याच्या बुरुजाला सिमेंट लावलं की आपण गहजब करतो आणि ते बरोबरच आहे. मग ज्या लोखंडानं आपली शेती बदलली त्याचा एखादा तरी नमुना त्याच्या अंगच्या कातडीसकट राहू नये का?

आणि त्या अक्षरांचं काय? ‘श्री गजानन प्रसन्न’ स्टिकरवर पुन्हा छापून मिळेल, असं पुतण्या म्हणतो. मिळेल. पण सुताची दोरी न मारता, डोळ्याच्या अंदाजानं, पत्र्याच्या गोलाईवर सावलीसकट अक्षर बसवणारे हात आता ट्रक-ट्रॅक्टरांच्या अड्ड्यांवर क्वचित दिसतात. त्यांचं काम कुठल्या संग्रहालयात नाही. ते अशाच बोनटांवर आहे, आणि एकेक बोनट ‘ओरिजिनल’ होताना एकेक कलाकार पुसला जातो. गंमत म्हणजे ही अक्षरं कंपनीनं दिलेली नाहीत. म्हणजे पुतण्याच्या हिशेबात ती ‘ओरिजिनल’ नाहीतच! आमच्या घराच्या हिशेबात मात्र ट्रॅक्टर आमचा झाला तो त्या अक्षरांच्या दिवशी.

चौथा आरोप व्यवहाराचा: रंगवला तर विकताना भाव येईल. मला विकायचा नाही, पण वादापुरतं मान्य करू. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात मुरलेला गिऱ्हाईक ताजा रंग दिसला की आधी वाकून खाली पाहतो. ब्लॉकला चीर आहे का, कुठे वेल्डिंग लपवलं आहे का, लांबी किती भरली आहे. ताज्या रंगानं त्याचा विश्वास वाढत नाही, संशय वाढतो. ‘चुना लावणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ चुन्याच्या गावातल्या माणसाला तरी समजावून सांगायला लागू नये. शिवाय घाईत रंगवणारे चेसिस नंबरची पट्टी आणि इंजिनावर ठोकलेले आकडे लांबीखाली बुजवतात. मग कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी मालक स्क्रू ड्रायव्हरनं आपलाच नवा रंग खरवडत बसतो.

पाचवा आरोप उरला, आळसाचा. याला माझं उत्तर फिटरचं आहे. हौशी माणसाचा जुन्या यंत्रावरचा पहिला पैसा रंगावर जाऊच नये. आधी ब्रेक, मग स्टेअरिंगमधली ढिलाई, मग रेडिएटर, वायरिंग, गळती. डिझेलची गळती न थांबवता रंग मारला तर ओला रंग तेच डिझेल धुऊन नेतं. काही जण तर इंजिन उतरवल्याशिवाय वाळूचा मारा करून घेतात. ती वाळू सीलमधून, ब्रीदरमधून आत गेली की बेअरिंगांचं काय होतं ते मी वर्कशॉपात पाहिलं आहे. माझ्या तीन वर्षांत ब्रेक झाले, दोन सील बदलले, डायनॅमो बांधून घेतला. हे काम अंगणातून दिसत नाही. दिसतं ते फक्त न उघडलेलं झाकण.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशीही दोन शब्द भांडायला हवेत, नाहीतर प्रतिवाद एकतर्फी होईल. शहरात हल्ली एक नवा वर्ग तयार झाला आहे, त्याला गंजच सुंदर वाटतो. रेस्टॉरंटच्या दारात गंजका नांगर, फार्महाउसवर गंजका ट्रॅक्टर, त्याच्यासमोर फोटो. जिथे पत्रा खाल्ला जातो आहे तिथे ‘असू द्या, छान दिसतं’ म्हणणं हा आळसच, त्याला जतन म्हणू नये. आणि ज्याचा ट्रॅक्टर अजून पोटासाठी वावरात राबतो, त्यानं रंगवावा, हवा तसा रंगवावा, निळा करावा, मुलाचं नाव घालावं. रोजच्या कामातल्या यंत्रावर मालकाचा पूर्ण हक्क आहे. ज्या यंत्रावर जुन्या रंगाचा कणही उरला नाही, तेही खुशाल रंगवावं. माझं म्हणणं फक्त हौसेखातर ठेवलेल्या, जुना रंग अजून धरून असलेल्या यंत्राबद्दल आहे. त्याच्या मालकाला माझी एकच विनंती: तुझा हात थरथरतो आहे ना? त्या थरथरण्याचं ऐक. रंग उद्याही मारता येईल. उतरवलेला रंग उद्या परत आणता येणार नाही.

मग मी करतो काय? जिथे पत्रा उघडा पडून गंज धरतो आहे, म्हणजे बॅटरीच्या पेटीखाली आणि उजव्या मडगार्डच्या दुमडीत, तेवढ्याच जागी ओलं घासून गंज काढायचा आणि प्रायमर द्यायचा. त्यासाठीच तो डबा आहे, आणि पाऊस ओसरला की तेवढ्यापुरता तो उघडेनही. बाकी अंगाला जवसाचं उकळलेलं तेल. आपल्या विदर्भात जवस पिढ्यान्पिढ्या पिकतो, आपण त्याची चटणी खातो आणि हेच तेल जगभरच्या रंगांचा कणा होतं हे विसरतो. तेल अगदी पातळ लावायचं आणि अर्ध्या तासात कोरड्या फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून घ्यायचं, नाहीतर ते चिकट राहतं आणि राजूरच्या दोन्ही धुळी त्यावर मुक्कामाला येतात. एक ताकीद मात्र लक्षात ठेवा: तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेटही घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात, मगच फेकाव्यात.

तेल लागलं की फिका गेरू थोडा गडद होतो आणि पिवळी अक्षरं वर येतात. काकांना तो बदल पुरेसा वाटत नाही. “हे का रंगवणं झालं का बाप्पा?” असं ते यंदाही म्हणाले. मी म्हटलं, “काका, हे रंगवणं नाहीच. उद्या पोळा आहे, आज काय असते?”

काका क्षणभर थांबले. त्यांच्या दावणीला आता बैल नाही. शेवटची जोडी विकून त्यांना बरीच वर्षं झाली. मग ते पुढे आले, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि क्लचचा पायटा पुसू लागले.